फवारा त्याचा, कळशी तिची

"नशीबवान माणूस! शेवटची चार वर्षं अंथरुणात होता, पण पाठीला एक जखम नाही झाली."

मामांच्या दहाव्याहून परतलेली पाहुणेमंडळी ओट्यावर टेकली होती. मी चहाचा ट्रे घेऊन उभी. एकजण हे बोलला आणि दोनचार माना डोलल्या. मामा म्हणजे माझे सासरे. कंपवाताने, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत पार्किन्सनने, अकरा वर्षं आजारी होते. २०१५ साली गेले. आत्याबाई, माझ्या सासूबाई, तेव्हा आत खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या मानांपैकी एकही मान आतल्या खोलीकडे वळली नाही.

जखम नशिबाने टळत नाही, मैत्रिणींनो. दर दोन तासांनी माणसाला कुशीवर वळवावं लागतं. रात्रीसुद्धा. मामा उंचेपुरे, सत्तर किलोचे. आत्याबाई चाळीस-बेचाळीस किलोच्या असतील. आजारात अंग लाकडासारखं ताठतं, म्हणजे वळवायचं ते ओझं नुसतं वजनाचं नसतं. चार वर्षं ही बाई सलग दोन तासांपेक्षा जास्त झोपली नाही. त्याला आमच्याकडे 'नशीबवान माणूस' म्हणतात.

या आजाराला एकदम बरं करणारं औषध नाही. मेंदूतल्या काही पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात, त्या पेशी हळूहळू मरत जातात. हात थरथरायला लागतो तोवर निम्म्याहून जास्त पेशी गेलेल्या असतात. लेव्होडोपा नावाच्या गोळीने हालचाल पुष्कळ सुधारते, साठच्या दशकापासून हे औषध वापरात आहे. पण ती गोळी घड्याळाची गुलाम. आजार पुढे गेला की सकाळी सहाची गोळी साडेसहाला दिली तर माणूस तेवढा वेळ पुतळा होऊन बसतो. जड डाळ-दूध गोळीच्या जोडीला दिलं तर गोळी नीट लागू पडत नाही. घास घशात अडकतो, म्हणून भात मऊ करायचा, पाणी जपून पाजायचं. बद्धकोष्ठ, रात्रीचं ओरडणं, उदासी, पुढे कधी भास. हे सगळं कुणीतरी लक्षात ठेवायचं असतं. आत्याबाईंना लिहिता-वाचता येत नाही. त्यांनी गोळ्यांच्या वेळा एसटीवर बसवल्या होत्या: शेवगावची सकाळची गाडी गेली की पहिली, शाळा सुटली की तिसरी. अकरा वर्षांत चूक झाली असेल तर गाडी चुकली म्हणून.

सरकारने २०१९ साली देशभर लोकांचा दिवसाचा वेळ मोजला. घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घरकाम करते, आणि घरकाम करणारा पुरुष ९७ मिनिटं. मुळात शंभरातल्या ८१ बाया घरकाम करतात आणि २६ पुरुष. घरात कंपवाताचं माणूस असेल तर या मिनिटांचं काय होतं, ते त्या पाहणीत वेगळं काढलेलं नाही. मी आमच्या घरचं काढलं होतं. बोटं संपली.

आता पुढचं ऐका. २०१७ च्या दिवाळीत आत्याबाईंच्या भाकऱ्या जाड यायला लागल्या. ज्या हाताने पापडासारखी बाजरीची भाकरी थापली, त्या हाताला परातीत भाकरी फिरवता येईना. एक भाकरी करायला दोन भाकऱ्यांचा वेळ. मग निऱ्या घालताना बोटं अडखळायला लागली. वास तर त्याआधी तीनचार वर्षं येत नव्हता. दूध करपलं तरी कळायचं नाही आणि घरातले सगळे, मी धरून, त्यांच्यावर खेकसायचो. वास जाणं हे या आजाराचं फार आधीचं लक्षण असू शकतं, हे मला खूप उशिरा समजलं. तो खेकसणं मला अजून टोचतं.

डॉक्टरकडे नेलं. एकाने सांगितलं, वय झालं. दुसऱ्याने सांगितलं, नवरा गेल्याचं मनाला लावून घेतलंय, झोपेची गोळी देतो. तिसऱ्याने सांध्याची औषधं दिली. माझ्या नवऱ्याचं म्हणणं, "आईला काय होतंय, ती तर अजून सगळं करते." करत होत्या, हे खरंच. बाई करत राहते तोवर तिला काही झालेलं नसतं, आणि ती करायची थांबली की ती आळशी नाहीतर म्हातारी झालेली असते. रोगाला मध्ये जागाच नाही. नगरला मेंदूविकाराच्या डॉक्टरपर्यंत पोचायला आम्हाला दोन वर्षं आणि वर चार महिने लागले. मामांच्या वेळी चार महिने पुरले होते.

त्या डॉक्टरने विचारलं, "अक्षर बारीक झालंय का? शर्टाची बटणं लावता येतात का?" ज्या बाईने जन्मात सही केली नाही, बटणाचा शर्ट घातला नाही, तिला हे प्रश्न! मी म्हटलं, साहेब, भाकरीचं विचारा. त्यांनी विचारलं, हे त्यांचं मोठेपण. पण प्रश्न कुठून आले ते पाहा. जेम्स पार्किन्सन या इंग्रज डॉक्टरने १८१७ साली या आजारावर पहिलं पुस्तक लिहिलं ते सहा माणसांना पाहून. सहाही पुरुष. काहींना तर त्याने रस्त्यावर जाता-येता पाहिलेलं. त्या काळी रस्त्यावर मोकळेपणाने फिरणारी माणसं कोण असणार? दोनशे वर्षं झाली, तरी आजाराची ओळखपाळख लिहिणाऱ्या हाताची आणि बटणांची आहे. परातीची, रांगोळीची, वाती वळायची, कांद्याचं रोप लावायची नाही.

पुस्तकात म्हणतात, पुरुषांना हा आजार बायांच्या साधारण दीडपट होतो. असेल. शरीराचा फरक असेल, कामाचा असेल. पण दवाखान्यात येणारी डोकी मोजून कुणी हे सांगत असेल तर मी विचारीन, बाया आजारी नव्हत्या की आणल्या नव्हत्या? घरोघर जाऊन मोजलं तर वेगळं चित्र निघू शकतं. आपल्याकडे असं झालं आहे. मुंबईच्या पारशी वसाहतींत १४,०१० माणसांची दारोदार तपासणी झाली, १९८८ साली ती प्रसिद्ध झाली. ४६ जणांना कंपवात निघाला, म्हणजे लाखामागे ३२८. जगातल्या मोठ्या आकड्यांपैकी एक. बेंगळुरू भागात अशीच पाहणी झाली, तिचा आकडा लाखामागे ३३ होता. इतका फरक का, यावर तज्ज्ञ बोलतील. वयाचा भाग त्यात मोठा आहे. माझा सवाल साधा आहे. मोजणारा दारात आला म्हणून ती ४६ माणसं सापडली. शेवगाव, पाथर्डी, नेवाशाच्या वस्त्यांवर कोण गेलंय? ४५ लाखांचा जिल्हा आमचा, २०११ च्या खानेसुमारीप्रमाणे. महाराष्ट्रात क्षेत्रफळाने सगळ्यात मोठा.

आणि आजारी बाईची सेवा कोण करतं, याचाही हिशेब झालेला आहे; आपल्याकडे नाही, अमेरिका, कॅनडा, नेदरलँड्स आणि इस्रायल या चार देशांत. २०१८ साली प्रसिद्ध झाला. सात हजारांवर रुग्ण होते. कंपवात झालेल्या शंभर पुरुषांपैकी ८८ जणांना सांभाळणारं माणूस होतं, शंभर बायांपैकी ७९ जणींना. पैसे देऊन माणूस ठेवायची पाळीही बायांवर जास्त. नवऱ्याला बायको असते. बायकोला नवरा असला तरी 'सांभाळणारा' असेलच असं नाही. श्रीमंत देशांत हे, तर आपल्याकडे लेकीसुनांच्या जिवावर जे चाललंय त्याला आकडाच नाही.

आता मुद्द्याच्या दुसऱ्या बाजूला येते. हा आजार येतो कुठून?

दहा-पंधरा टक्के रुग्णांत घराण्याचा धागा दिसतो. बाकीच्यांत वय, नशीब आणि आजूबाजूचं विष यांची मिसळ. विषाचा संशय १९८३ साली पक्का झाला. कॅलिफोर्नियात काही तरुण पोरांनी चोरटं नशेचं औषध टोचून घेतलं आणि काही दिवसांत ती म्हाताऱ्यांसारखी गोठली. त्या मालात एमपीटीपी नावाचं रसायन निघालं. शरीरात गेल्यावर त्याचं जे रूप होतं, त्याची रचना एका तणनाशकाशी मिळतीजुळती निघाली. त्या तणनाशकाचं नाव पॅराक्वाट. बांधावरचं, उसातलं तण एका दिवसात जाळून टाकतं ते. आपल्या दुकानांत ते विकलं गेलंय, आपल्या शेतात मारलं गेलंय.

२०११ साली अमेरिकेतल्या शेतकऱ्यांच्या अभ्यासात, आणि लक्षात घ्या, त्यात शेतकऱ्यांच्या बायकाही होत्या, पॅराक्वाट किंवा रोटेनॉन वापरलेल्यांना कंपवात होण्याचं प्रमाण अडीच पट आढळलं. फ्रान्सने २०१२ साली कीटकनाशकांशी संबंध आलेल्या शेतकऱ्याचा कंपवात हा व्यवसायातून आलेला आजार म्हणून मान्य केला; भरपाई मिळते. युरोपीय संघात पॅराक्वाट २००७ पासून बंद आहे. त्यानंतरही इंग्लंडच्या कारखान्यात ते तयार होऊन बाहेरच्या देशांत जात राहिलं. म्हणजे आपल्या पोरांना नको ते दुसऱ्यांच्या पोरांना पाठवायचं. चीनने, ब्राझीलने, थायलंडने बंदी घातली. आपल्याकडे केरळने २०११ साली घातली. केंद्राने २०१८ साली १८ विषं बंद केली, २०२० साली आणखी २७ बंद करायचा मसुदा काढला. दोन्ही याद्यांत पॅराक्वाट नव्हतं. पोटात गेलं तर यावर उतारा नाही, हे तर कुणीही डॉक्टर सांगेल.

कंपन्या म्हणतात, सिद्ध झालेलं नाही. एका परीने खरं आहे. अमुक बाईला अमुक डब्यामुळेच हा आजार झाला असं कुणालाही छातीठोक सांगता येणार नाही, मीही सांगत नाही. आत्याबाईंचा आजार फवाऱ्यातून आला की नाही, मला ठाऊक नाही. पण पुरावा अपुरा आहे म्हणून विष चालू, आणि पुरावा गोळा करायला कुणी येत नाही म्हणून पुरावा अपुरा, हा खेळ कुणाच्या फायद्याचा? संशयाचा फायदा आरोपीला मिळतो म्हणतात. इथे तो डब्याला मिळतोय आणि शिक्षा बाईला.

फवारणारा पुरुष असतो, म्हणून विष पुरुषाला लागतं, असं तुम्ही म्हणाल. आमच्याकडे कपाशीवर फवारा सुरू झाला की काय चित्र असतं ते सांगते. तो पाठीवर पंप घेऊन ओळीत चालतो. विहिरीवरून टिपाडात पाणी कोण आणतं? ती. टिपाडात औषध काठीने, कधी हातानेच, कोण ढवळतं? ती. पंप रिकामा झाला की डबा घेऊन कोण ओततं? ती. संध्याकाळी त्याचे भिजलेले कपडे घरातल्या कपड्यांबरोबर कोण धुतं? दुसऱ्या दिवशी त्याच ओल्या रानात खुरपायला, आठवड्यांनी वेचायला कोण वाकतं? रिकामा डबा घासून त्यात तेल-मीठ कोण ठेवतं? कृषी खात्याच्या चित्रात मात्र हातमोजे, चष्मा, तोंडाला फडकं बांधलेला पुरुष असतो. तिचं चित्रच नाही, तर तिचे हातमोजे कुठून येणार? आणि त्याच अमेरिकन अभ्यासातून २०१५ साली हेही पुढे आलं, की ज्यांनी बहुतेक वेळा हातमोजे वापरले त्यांच्यात पॅराक्वाट आणि कंपवात यांचा संबंध दिसला नाही. हातमोज्याच्या जोडीला पाचपन्नास रुपये पडतात हो!

आपली भाषाही बघा. विषाला आम्ही 'औषध' म्हणतो. 'आज औषध मारायचंय.' सहाची गोळीही औषध आणि टिपाडातलंही औषध. मामांना एक देताना आत्याबाईंनी आयुष्यभर दुसरं ढवळलं.

तणनाशकाने आणखी एक केलंय. खुरपणी ही बायांची रोजंदारी. एका डब्यात दहा बायांचा आठवडा जळून जातो. म्हणजे मजुरी गेली ती गेली, वर विष घरात आलं. शेतकरी दादाला मजूर मिळत नाहीत हे खरं, त्याच्या हातात पैसा नाही हेही खरं. मी त्याला शत्रू म्हणत नाही. पण त्याच्या अडचणीचं उत्तर दरवेळी बाईच्या अंगावरून का जातं?

विषबाधा झाली तर मदत कुणाला? यवतमाळला २०१७ साली कपाशीवर फवारताना वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर मेले, तेव्हा महाराष्ट्र हादरला. तिथे माणूस चार दिवसांत मरत होता, म्हणून दिसला. वीस वर्षांनी हात थरथरला तर तो अपघात नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत विषबाधा बसते, सावकाश येणारा आजार बसत नाही. शेतकरी म्हणून नोंदच नसलेल्या बाईला तर पहिल्या पायरीपासून भांडावं लागतं. देशात शंभर वहिवाटींपैकी चौदाच्या आसपास बायांच्या नावावर आहेत. १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचा एवढा मोठा मेळावा झाला, पुढे लक्ष्मीमुक्तीची मोहीम झाली, तेव्हा मामा म्हणाले होते, "बघू पुढच्या साली." ते पुढचं साल आलं नाही. आमच्या जिल्ह्याला २०२४ साली अहिल्यादेवींचं नाव मिळालं. चांगलं झालं. आता सातबाऱ्यावरही बायांची नावं लावा.

अजून एक दुवा आहे, तो फार कमी बोलला जातो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २००८ साली दाखवलं, की पाळी जाण्याआधी दोन्ही बीजांडकोश काढलेल्या बायांना पुढे कंपवातासारख्या आजाराचा धोका वाढतो. जितक्या लहान वयात काढले तितका जास्त. आता शेजारच्या बीडचं आठवा. २०१९ साली नेमलेल्या सरकारी समितीने ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायांची पाहणी केली, १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. पाथर्डी-शेवगावच्या टोळ्याही त्याच वाटेने कारखान्यावर जातात. नुसती पिशवी काढणं वेगळं आणि बीजांडकोशही काढणं वेगळं, हे मान्य. पण किती जणींचं काय काढलं हे तरी त्यांना कुणी सांगितलं का? त्या बाया तिशी-पस्तिशीच्या होत्या. त्या साठीला येतील तेव्हा त्यांचे हात कोण तपासणार आहे?

एक बारकी गोष्ट सांगून टाकते, कारण गावात ती फिरते. तंबाखू ओढणाऱ्यांत हा आजार कमी दिसतो असं संशोधनात आहे. 'मग मिश्रीने बरंच असेल की' असं आमच्या एका वहिनीने मला विचारलं. बाई, त्या अभ्यासात विडी-सिगारेट होती, आणि मिश्रीने तोंडाचा कॅन्सर होतो तो नक्की होतो. खाजकुहिलीचं तसंच. तिच्या बियांत लेव्होडोपा असतं हे खरं, वैद्य कंपवातात ती देत आले आहेत. पण किती ते मोजल्याशिवाय गोळीच्या जोडीला घ्याल तर झेपणार नाही. डॉक्टरला सांगूनच.

मी हे बोलते तेव्हा चळवळीतल्या मैत्रिणीही कधी विचारतात, "मग आजारी माणसाला टाकून द्यायचं का?" नाही. आत्याबाईंनी मामांना सांभाळलं ते प्रेमाने, मला त्याचा आदर आहे. पण प्रेमाला पाठदुखी होते, प्रेमाला झोप लागते. जे काम दोन पगारी नर्सेस पाळी लावून करतात, ते एका बाईकडून फुकट करून घ्यायचं आणि वर 'सेवा' म्हणायचं, हा व्यवहार आहे. नवऱ्याने, लेकांनी कुशीवर वळवायला शिकावं. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईची संस्था आहे, तिथे रुग्ण आणि घरचे एकत्र बसतात, व्यायाम करतात, बोलतात. अशी बैठक शेवगावात, नेवाशात का होऊ नये? बचतगटाची महिन्याची बैठक होतेच ना?

आणि हे भीक म्हणून मागायचं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कंपवात हा दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत नाव घेऊन लिहिलेला आहे. ४० टक्के ठरलं की प्रमाणपत्र मिळतं. त्याच कायद्याच्या २४ व्या कलमात, जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगासाठी सांभाळणाऱ्याचा भत्ता लिहिलेला आहे. लिहिलेला आहे! 'आर्थिक कुवतीप्रमाणे' ही पळवाटही त्याच कलमात. लेव्होडोपा-कार्बिडोपा देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, पण आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात मी तीन वेळा मागितली, तिन्ही वेळा बाहेरून आणायला सांगितलं. आत्याबाईंना प्रमाणपत्रासाठी चार फेऱ्या झाल्या. एका फेरीत खिडकीवरचा माणूस म्हणाला, "आजीबाई चालताहेत की." गोळी लागू असताना चालतात, साहेब. दुपारी या म्हणजे दाखवते.

आत्याबाई आता खाटेवर असतात. मी नोकरीवर जाते तेव्हा माझा नवरा त्यांना वळवतो, भरवतो. हे सहज झालेलं नाही. घरात सहा महिने भांडण झालं, नात्यातल्यांनी मला नावं ठेवली. पहिल्या दिवशी आत्याबाईच मला म्हणाल्या, "पोरी, लेकाच्या हातून नको गं करून घेऊ." अजून त्यांना ते अवघडच जातं. त्याच्या पाठीत मात्र आता चमक भरते, आणि तो रात्री विचारतो, "आई बाबांना एकटीनं कशी वळवत होती गं?"

येत्या ग्रामसभेत आम्ही काहीजणी तीन गोष्टी मांडणार आहोत. आशाताईंच्या घरभेटीत साठीच्या पुढच्या बायांची भाकरी, निऱ्या, वास आणि चाल विचारावी. फवारणीच्या प्रशिक्षणाला नवरा-बायको दोघांना बोलवावं आणि हातमोजे दोन जोड द्यावेत. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात लेव्होडोपा मिळावी. सरपंच म्हणतात, हे विषय ग्रामसभेचे नाहीत. मग कुणाचे, ते त्यांनी लेखी द्यावं असं आम्ही कळवलं आहे.

तुमच्या गावात अशी बाई असेल तर या अंकाच्या पत्त्यावर कळवा. नाव लिहू नका. वय, किती वर्षं रानात काम केलं, कुठलं औषध कालवलं, पाणी विहिरीचं की नळाचं, पिशवी काढली असेल तर कितव्या वर्षी, आणि तिला रात्री कुशीवर कोण वळवतं, एवढं लिहा. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोरीकडून लिहून घ्या.